उजव्या हाताचा ग्लोव्ह

मित्रांनो, मी उजव्या हातात घालायचा बेसबॉलचा ग्लोव्ह आहे. एवढं वाचूनच तुमच्यातल्या काहींना वाटेल की यात काहीतरी चुकलं आहे. वाटू द्या, मला त्याची सवय आहे. बहुतेक खेळाडू उजव्या हाताने चेंडू फेकतात, म्हणून ग्लोव्ह डाव्या हातात घालतात. माझ्यासारखा ग्लोव्ह फक्त डावखुऱ्याला लागतो. त्यामुळे मला पहिल्यांदा बघणारा माणूस माझ्याकडे संशयानेच बघतो, आणि हळूहळू मीही लोकांकडे तसंच बघायला शिकलो. माझी गोष्ट सांगण्याजोगी आहे की नाही, याचीही मला खात्री नाही. पण एका माणसावर खोटा आळ आला आणि मनातल्या मनात मीही त्या आळाला दुजोरा दिला. ते सांगून टाकलेलं बरं.

माझा जन्म उत्तरेतल्या एका छोट्या कारखान्यात झाला. एका कारागिराने माझं चामडं बेतलं, बोटं शिवली, आणि अंगठा व पहिलं बोट यांच्यामध्ये चामड्याच्या पट्ट्यांची जाळी बसवली. ती जाळी त्याने एका लांब चामडी लेसने ओवून घट्ट बांधली. उंच आलेला चेंडू त्या जाळीतच विसावतो. लेस शाबूत, तोवर मी शाबूत.

तिथून मी पनवेलच्या एका खेळाच्या दुकानात आलो आणि दोन वर्षं तिथेच पडून राहिलो. गिऱ्हाईक मला डाव्या हातात चढवायचं आणि तोंड वाकडं करायचं.

"शेठ, हा फॉल्टी पीस आहे. अंगठा भलतीकडेच आलाय."

"कंपनीने उलटा शिवलाय वाटतं," शेठ म्हणायचे. त्यांनाही माझ्याबद्दल शंकाच होती. शेवटी त्यांनी मला कॅरमबोर्डांच्या मागे ढकललं. तिथल्या अंधारात मलाही वाटू लागलं की मी खरंच चुकीचा शिवला गेलो असेन.

एके दिवशी खारघरच्या एका कॉलेजातले खेळशिक्षक स्वानंद सर दुकानात आले. त्यांच्याबरोबर विचुंब्याचा परेश होता. परेश गावच्या टेनिस क्रिकेटमध्ये सीमारेषेवर उभा राहायचा आणि तिथून डाव्या हाताने चेंडू थेट स्टंपांवर फेकायचा. सरांनी तो हात पाहिला होता. परेशने आपला उजवा हात माझ्यात घातला, मूठ मिटली, उघडली.

"सर, हा बसला."

"बसणारच. तुझ्याचसाठी थांबला असेल."

आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर कुणी शंका घेतली नाही.

गावात मात्र थट्टा सुरू झाली. क्रिकेटवाल्यांच्या मते झेल उघड्या हाताने धरायचा असतो.

"पऱ्या, हातमोजा घालून कॅच? आयेच्या चुलीवरचं टोप उतरवायचा फडका आणलास काय?"

"तो बॉल एकदा छातीवर घे," परेश म्हणायचा. "मंग मीच तुला फडका आणून देतो."

परेश आउटफिल्डर झाला. म्हणजे फलंदाजापासून सगळ्यात लांब, मोकळ्या गवतात उभा राहणारा खेळाडू. मित्रांनो, हे काम दिसतं तितकं सोपं नाही. कधी तासभर चेंडू तुमच्याकडे फिरकतही नाही. मग अचानक लाकडाचा आवाज होतो, आणि त्या आवाजावरून ओळखायचं असतं की पुढे धावायचं की मागे. डोळ्यांवर ऊन आलं तर परेश मला कपाळावर धरायचा आणि माझ्या सावलीतून चेंडू शोधायचा.

त्याच्या शेजारची, मधली जागा अपूर्वची. अपूर्व खारघरच्या एका टॉवरमधला, नीटनेटका, हसतमुख. दोघांच्या मधोमध चेंडू आला तर एकाने 'माझा' असं ओरडायचं आणि दुसऱ्याने लगेच बाजूला व्हायचं. नाही तर दोघं एकमेकांवर आदळतात. ओरडणाऱ्याला चेंडू खरंच दिसतोय, यावर दुसऱ्याने भरवसा ठेवायचा असतो. कॉलेजभर आणि नंतरही त्यांनी तो ठेवला. मला मात्र अपूर्वचं हसू कधी पटलं नाही. इतकं हसणारा माणूस काहीतरी झाकत असावा, असं मला वाटे. तो माझा स्वभाव. कॅरमबोर्डांमागे जडलेला.

सामना नसला की मी परेशच्या घरी असायचो. त्याचे वडील दाजी चाळीस वर्षं मिठागरात राबले होते. मिठागरं भरावाखाली गेली, जमिनीवर इमारती आल्या, घरावर मजला चढला, आणि दाजींच्या हातांना काही काम उरलं नाही. खाडीकडे तोंड करून ते ओट्यावर बसून राहत. परेशच्या खेळाबद्दल ते चांगलं बोलले नाहीत, की वाईटही बोलले नाहीत.

पहिल्या दसऱ्याला त्यांनी मला उचललं आणि कोयता, विळी, फावडं यांच्याबरोबर पाटावर मांडलं.

परेशची आई हौसा आरतीचं तबक घेऊन थबकली. "देवाजवल चामडं ठेवताव?"

"ढोलकी काय कापडाची हाय?" दाजी म्हणाले. "पोराचं हत्यार हाय ते. लाव कुंकू."

हौसाने कुंकू लावलं. झेंडूचं एक फूल माझ्या जाळीत खोचलं. मी सुखावलो.

त्या दिवसापासून दाजी माझी काळजी घेऊ लागले. परेश दुपारी बाहेर गेला की ते मला ओट्यावर आणत. बरणीतलं जाडं मीठ मुठीत घेऊन माझ्या चामड्यावर, बोटांच्या बेचक्यांत, लेसच्या भोकांत चोळत आणि उन्हात ठेवत. मग संध्याकाळच्या आत झटकून पुन्हा खुंटीला अडकवत.

"मिठात काय सडत नाय," ते हौसाला सांगायचे. "मासली टिकते, कैरी टिकते. हे तं चामडं हाय."

त्यांच्या तळव्यांना पडलेले घट्टे मला ओळखीचे वाटत. साऱ्या जगात मी ज्यांच्यावर कधी संशय घेतला नाही, ते दाजी.

कॉलेज संपता संपता एका नव्या व्यावसायिक क्लबने परेश आणि अपूर्व दोघांनाही करारावर घेतलं. आता खेळ हीच नोकरी होती. सकाळी सराव, दुपारी व्यायाम, शनिवारी सामना. दुसऱ्या वर्षी परेशने कुंपणाला पाठ लावून एक झेल घेतला, त्याचा फोटो वर्तमानपत्रात आला. फोटोत परेशचा चेहरा अर्धाच दिसत होता, मी मात्र पुरता दिसत होतो. हौसाने तो कापून कपाटाच्या दारावर चिकटवला. थट्टा करणारे आता मला हातात घेऊन बघू लागले. मला ते आवडलं, हे कबूल करतो.

तिसऱ्या हंगामाच्या मध्यावर क्लबचे व्यवस्थापक विश्वजीत सर यांनी फळ्यावर एक नोटीस लावली. पुढच्या वर्षी संघ लहान होणार होता. परेश आणि अपूर्व या दोघांपैकी एकालाच करार मिळणार होता.

दोघांनी ती एकत्रच वाचली.

"बघू या," अपूर्व म्हणाला आणि हसला.

"बघू या," परेशही म्हणाला.

त्या दिवसापासून दोघांच्या पिशव्यांच्या चेनी बंद राहू लागल्या. अपूर्व कुणाशी फोनवर बोलतो, ते परेश बघायचा. परेश सरांशी किती वेळ बोलला, ते अपूर्व मोजायचा. पुढच्याच सामन्यात दोघांच्या मधोमध एक साधा चेंडू आला. कुणीच 'माझा' म्हणालं नाही. चेंडू गवतात टप्पकन पडला आणि दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

त्याच आठवड्यात मी कपडे बदलायच्या खोलीत बाकावर पडलो होतो. परेश हातपाय धुवायला गेला होता. अपूर्व आत आला. त्याने मला उचललं आणि जाळीची लेस दोन बोटांत धरून ओढून बघितली. एकदा ओढली, पुन्हा ओढली. दाराकडे बघितलं. मग मला होतो तसा ठेवून निघून गेला.

माझ्या अंगावर काटा आला, म्हणजे चामड्याच्या अंगावर येऊ शकतो तितका. याच्या मनात काय आहे, मी ओळखलं होतं. निदान मला तसं वाटलं.

परेशला पण काहीतरी दिसलं होतं. माझ्या शिवणीत पांढरी भुकटी दिसू लागली होती. तो नखाने ती खरवडायचा, वास घ्यायचा आणि अपूर्वच्या पिशवीकडे बघायचा. घरी विचारावं असं त्याच्या मनातही आलं नाही. घरच्यांवर कोण संशय घेतो?

हंगामाचा शेवटचा सामना. शेवटचा डाव, आमचा संघ एका धावेने पुढे, समोरच्यांचे दोन खेळाडू धावायच्या तयारीत. लाकडाचा आवाज आला. परेश पाठ फिरवून धावला, उडी मारली, आणि चेंडू बरोबर माझ्या जाळीत आला. क्षणभर तो माझाच होता. मग काहीतरी कट्कन तुटलं. जाळी उघडली, चेंडू आरपार निघाला आणि परेशच्या भुवईवर आपटला. दोन धावा झाल्या. आम्ही हरलो.

परेश गुडघ्यांवर बसला. भुवईतून रक्त येत होतं, पण तो लेसचं टोक बघत होता. झिजलेली लेस तुटते तेव्हा तिचे धागे सुटतात. ही सरळ, आखूड तुटली होती, धारदार पात्याने कापावी तशी.

तो थेट अपूर्वकडे गेला. सगळा संघ तिथेच होता.

"कापलीस तू."

"काय?"

"लेस. कधी कापलीस? परवा मी आत नव्हतो तेव्हा?"

अपूर्वचं हसू गेलं. त्याने लेसकडे पाहिलं, परेशकडे पाहिलं. मग पिशवी उचलून तो चालू लागला.

"बघा, एक शब्द बोलला नाही," कुणीतरी म्हणालं. "खरंच असणार."

मलाही तसंच वाटलं. मी साक्षीदार होतो ना. ती दोन बोटं मी अनुभवली होती.

विश्वजीत सरांनी परेशला बाजूला घेतलं. "आरोप तोंडी चालत नाही. सोमवारी सकाळी लेखी तक्रार आण. तक्रार आली तर अपूर्वला काढावंच लागेल. मग जागेचा प्रश्नच उरत नाही."

रविवारी दुपारी परेश आतल्या खोलीत बसून ती तक्रार लिहीत होता. भुवईवर तीन टाके होते. मी ओट्यावर उन्हात पडलो होतो, तुटलेली लेस बाहेर लोंबत होती. दाजी आले. त्यांनी मला मांडीवर घेतलं, लेस न्याहाळली, च्च् केलं आणि बरणी उघडली.

पाणी प्यायला उठलेला परेश दारात थांबला.

"बाबा, काय करताव?"

"मीठ लावतो. दुपारचं लावतो नेहमी. तुला ठावं नाय?" दाजी जरा लाजले. "लई वर्सां झाली. चामडं हाय, घामानं सडंल. ह्या खेपंला लेस तुटली. मीठ कमी पडलं वाटतं."

परेश खाली बसला. माझ्या मनगटाजवळ एक दुसरी लेस होती, अजून न तुटलेली. त्याने ती दोन बोटांत धरून वाकवली. वाळलेल्या काडीसारखी ती मोडली. सरळ, आखूड. आतून पांढरी.

मित्रांनो, त्या क्षणी मला सगळं कळलं, आणि खुंटीवर पुन्हा कधी दिसू नये असं वाटलं. जाळीची लेस ओढणाऱ्या दोन बोटांवर मी संशय घेतला होता. रोज मीठ चोळणाऱ्या मुठीबद्दल मला काहीच वाटलं नव्हतं, कारण ती मूठ मायेची होती. खाडीची दमट हवा मीठ ओलं करायची, ऊन ते पुन्हा वाळवायचं, आणि दर खेपेला माझा जीव थोडा थोडा कमी व्हायचा. हे माझ्याच अंगात चाललं होतं. तरी मला कळलं नाही.

"तुटली काय तीबी?" दाजींनी विचारलं.

"जुनी झाली बाबा," परेश म्हणाला. त्याने त्यांच्या हातातून मला हळूच काढून घेतलं. "मीठ बरोबर हाय."

तासाभराने तो मला घेऊन खारघरला गेला. अपूर्वला त्याने इमारतीच्या खाली बोलावलं. अपूर्व आला, पण गेटच्या आतच थांबला.

"काही बोलायचं राहिलंय का?"

"लेस कापलेली नव्हती. आतून वाळली होती. मीठ साचलं होतं."

"कसलं मीठ?"

"घामाचं समज."

अपूर्वने डोळे बारीक केले. "आणि हे तू आज सांगतोयस. का? काल कुणी व्हिडिओ काढला होता का? क्लबमधून फोन आला?"

"नाही. ही तक्रार. उद्या द्यायची होती." परेशने कागद पुढे केला.

अपूर्वने तो सगळा वाचला. घडी करून परत दिला. "अक्षर छान आहे तुझं," तो म्हणाला. मग बराच वेळ गेटच्या कडीशी चाळा करत राहिला.

"एक सांगू? नोटीस लागली त्या आठवड्यात मी तुझी लेस ओढून बघितली होती. कडक लागली. तुटणार, हे कळलं मला. सांगायला आलोच होतो. मग वाटलं, आपण कशाला सांगायचं."

एक रिक्षा गेली. वॉचमनने दोघांकडे बघितलं आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घातलं.

"म्हणजे मी अगदीच खोटं बोललो नव्हतो," परेश म्हणाला.

"अगदीच नाही."

दोघांपैकी कुणी माफी मागितली नाही. परेशने कागदाचे चार तुकडे केले. अपूर्वने हात पुढे केला, आणि ते तुकडे घेऊन त्यानेच कचऱ्याच्या डब्यात टाकले.

सोमवारी विश्वजीत सरांनी विचारलं, "तक्रार कुठे आहे?"

"नाही सर. माझ्याच ग्लोव्हची देखभाल नीट झाली नव्हती. चूक माझी."

"स्वतःचं सामान नीट न ठेवणारा खेळाडू व्यावसायिक नसतो, परेश. हे तूच बोलतोयस, कळतंय ना?"

"कळतंय सर."

करार अपूर्वला मिळाला. परेश वर्षभर घरी होता. सकाळी मैदानात एकटाच धावायचा, दुपारी दुसऱ्याच्या दुकानात बसायचा. गावातले क्रिकेटवाले पुन्हा फडक्याबद्दल विचारू लागले. दाजी अधूनमधून त्याच्याकडे बघत, काहीतरी विचारावं असं त्यांना वाटे, आणि ते विचारत नसत. पुढच्या वर्षी नाशिकच्या एका संघाकडून परेशला बोलावणं आलं. त्यांना डावखुरा आउटफिल्डर हवा होता. त्याचं नाव त्यांना कुणी सांगितलं, ते कधी कळलं नाही. मला एका माणसाचा संशय आहे. आयुष्यात हा एकच संशय मी आनंदाने बाळगला आहे.

परेशने नवा ग्लोव्ह मागवला. तो घरी आला त्या दुपारी दाजींनी मुठीत मीठ घेतलं.

"ह्याला लावू?"

"नको बाबा," परेश घाईने म्हणाला. "ह्याला कंपनीनंच लावून दिलंय."

परेश आत गेला. दाजी ओट्यावर बसून राहिले. मग त्यांनी नव्या ग्लोव्हवरून बोट फिरवलं आणि ते जिभेला लावलं. चाळीस वर्षं त्यांनी मिठाची पारख तशीच केली होती. जिभेला खारट काहीच लागलं नाही. मग उठून त्यांनी मला खुंटीवरून काढलं, माझ्या तुटलेल्या लेसचं टोक जिभेवर ठेवलं आणि डोळे मिटले.

मुठीतलं मीठ त्यांनी बरणीत परत टाकलं. ओलं फडकं आणलं आणि मला पुसायला बसले. बोटांची बेचकी, शिवणी, भोकं. फडकं पिळायचं, पुन्हा पुसायचं. हौसा चहा घेऊन आली.

"आता कशाला पुसताव त्याला? नवा आलाय ना?"

"असू दे," दाजी म्हणाले. "ह्याला इचारायचं राहिलं होतं."

परेशला त्यांनी काही सांगितलं नाही. परेशनेही त्यांना काही सांगितलं नाही. आजही दसऱ्याला पाटावर नव्या ग्लोव्हशेजारी मला मांडतात, आणि झेंडूचं फूल माझ्या फाटक्या जाळीत खोचतात. ते आरपार खाली पडतं. दाजी ते उचलून पुन्हा खोचतात.

मित्रांनो, मी आता कुणाच्या हाती येत नाही. म्हणून एवढंच मागतो. ज्याची काळजी घ्यायची, त्याला काय लागतं ते आधी जाणून घ्या. वस्तूला विचारता येत नसेल, तर ती वापरणाऱ्याला विचारा. कुणावर संशय आला तर तोही त्याच्यासमोर उभं राहून, शांतपणे विचारा. आणि एखाद्याची लेस कडक झालेली तुम्हाला कळली, तर सांगा. त्याच जागेसाठी तुम्हीही उभे असाल, तरी सांगा.